कपाट आणि गॅलरीच्या दारामधला कॉम्प्युटर

तळोज्याच्या कारखान्याने ड्रॉइंग ऑफिस बंद केलं आणि आम्हा ड्राफ्ट्समन मंडळींना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी माझा ड्रॉइंग बोर्ड टेम्पोत टाकला आणि नवीन पनवेलच्या घरी आणून हॉलमध्ये उभा केला. हॉल, स्वयंपाकघर आणि हातभर गॅलरी एवढंच आमचं घर. बायको शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये तिच्या शिकवण्या चालायच्या. मुलं सतरंजीवर बसायची, काही जण बोर्डाच्या पायांमध्येच, आणि उत्तर सांगायला उभं राहिलेलं मूल हमखास बोर्डावर डोकं आपटायचं. बायको मुलांना समजवायची आणि माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात बोर्ड इथून कधी जाणार हा प्रश्न असायचा.

मला काम देणारा एक आर्किटेक्ट होता. त्याचं ऑफिस जुन्या पनवेलात, तलावाच्या बाजूला. त्याला माझं हस्ताक्षर आवडायचं. नकाशावरची माझी अक्षरं छापल्यासारखी असतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा. वर्षभर बरं चाललं. मग एक दिवस त्याने माझं ट्रेसिंग पाहिलं, बाजूला ठेवलं आणि चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काहीतरी नको ते सांगणार, हे मला तोवर कळायला लागलं होतं. बेलपाड्याजवळ रो-हाउसची एक मोठी योजना त्याच्याकडे आली होती. बिल्डर दर आठवड्याला नकाशातला जिना हलवणारा माणूस. "तुम्ही ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने किती वेळा खरवडणार?" आर्किटेक्ट म्हणाला. "हे काम तुम्हालाच द्यायचंय मला. पण फ्लॉपीत आणा."

कारखान्याच्या शेवटच्या वर्षात आम्हाला पाळीपाळीने कॉम्प्युटरवर बसवलं होतं, त्यामुळे तो चालवता येत होता. विकत घ्यायची वेळ येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मोठ्या कंपनीचं तयार मशीन घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. आमच्यासारख्यांनी सुटे भाग घेऊन मशीन जुळवून घ्यायचं. निवृत्तीचे जे पैसे घर चालवून उरले होते त्यांत भागवायचं होतं, आणि त्याहून कडक अट बायकोची होती. लोखंडी कपाट आणि गॅलरीचं दार यांच्यामध्ये भिंतीचा एक तुकडा होता. तिने शिवणाची टेप घेऊन तो मोजला. एकवीस इंच. "एवढ्यात बसेल ते आणा," ती म्हणाली. "आणि ते आलं की बोर्ड माळ्यावर."

मला वाटलं, टेबल बेतणं अवघड जाईल. ते सगळ्यात सोपं निघालं. सुताराने फळीला दोन ब्रॅकेट मारले आणि टेबल झालं. अवघड होतं ते लोकांना गप्प बसवणं.

मी कॉम्प्युटर घेणार ही बातमी इमारतीत कशी पसरली देव जाणे, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला थांबवायला लागला. एक म्हणे, सहा महिने थांबा, भाव पडणार आहेत. दुसरा म्हणे, आत्ताच घ्या, डॉलर चढणार आहे. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आयुष्यात कॅल्क्युलेटरच्या पलीकडे काही हाताळलेलं नव्हतं, तरी त्यांनी मला हार्ड डिस्क मोठी घ्या असं बजावलं. किती मोठी, असं विचारल्यावर ते म्हणाले, मोठी म्हणजे मोठी.

या सगळ्यांवर कडी करणारा माझा थोरला भाऊ. दादा पुण्याला एका बँकेत होता, विभागीय कार्यालयाच्या कॉम्प्युटर खात्यात, आणि त्या खात्याचं नाव तो असं उच्चारायचा की आपोआप सरळ बसावं. आमचे वडील मी शाळेत असताना गेले. दादाने कॉलेज सोडलं, नोकरी धरली आणि मला शिकवलं. ड्राफ्ट्समनचा कोर्स त्याने निवडला, कारखान्यातली पहिली मुलाखत त्याने जमवली, आणि या घराचा अर्जसुद्धा त्यानेच भरला होता, मी फक्त सही केली होती. अशा माणसावर धड चिडताही येत नाही. माझी सगळी पंचाईत तिथेच होती.

आमच्याकडे फोन नव्हता. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होता. दर रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा, शेजारी खालून हाक मारायचे, मी तीन मजले धावत उतरायचो आणि ते कुटुंब समोर पोहे खात असताना प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटर या विषयांवर दादाचं ऐकून घ्यायचो. तो पुण्याहून एकेका भागाचं नाव घेई आणि त्याच्या दोन-तीन जाती सांगे. मी हो हो म्हणे. पुढच्या रविवारी तो विचारी, काय ठरवलंस, आणि मी काहीही सांगितलं तरी ते चुकीचं असे.

मशीन जुळवून देणार होता माझा कारखान्यातला जुना सोबती. तो मूळचा आपटा गावचा. कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. माझ्याआधीच बाहेर पडून त्याने जुन्या पनवेलात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि आता बाहेरच्या पाटीवर 'कॉम्प्युटर' हा शब्द वाढवला होता. माणूस दिलदार, हसतमुख. त्याच्याकडे गेलं की वडापाव खाल्ल्याशिवाय सुटका नसे. पण कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असे, की काय फरक नाय. या कंपनीची रॅम की त्या? काय फरक नाय. ही हार्ड डिस्क की ती? काय फरक नाय. दादाला प्रत्येक गोष्टीत फरक दिसायचा आणि याला कशातच दिसत नव्हता. या दोघांच्या मध्ये मी.

शेवटी मी आणि सोबती मुंबईला लॅमिंग्टन रोडला, सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तेव्हा लोकल पनवेलपर्यंत आली नव्हती, म्हणून सकाळच्या एसटीने. तिथल्या एका गल्लीत, एका जिन्याखालच्या दुकानात, मी माझी अट सांगितली. एकवीस इंचांत सगळं बसलं पाहिजे, आणि त्यातून गुडघे आत जायला जागा पाहिजे. दुकानदाराने एक चपटी, आडवी पेटी काढली. तिच्यावरच मॉनिटर ठेवायचा. मी खिशातून बायकोची टेप काढून पेटी मोजली. दुकानदाराला हसू आलं, पण पेटी बसत होती.

मग मॉनिटर. काळा-पांढरा स्वस्त होता, रंगीत महाग. मी सगळं आयुष्य शाईच्या जाडीत काढलेलं. भिंत जाड रेघेने, माप बारीक रेघेने. पडद्यावर सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या दिसतात, तिथे फरक रंगानेच कळतो. म्हणून रंगीत घेतला. तो घेतल्यावर दुसरीकडे कुठेतरी हात आखडणं भाग होतं. प्रिंटर तर आधीच रद्द केला होता. माउस साधा घेतला. रॅम कमी केली. तरी भागेना. उरला प्रोसेसर. तो दोन जातींत मिळत होता, एसएक्स आणि डीएक्स. नाव एक, आकार एक, वेग जवळपास तोच, फक्त शेवटची इंग्रजी अक्षरं वेगळी, आणि त्या अक्षरांसाठी बरेच जास्त पैसे. मी सोबत्याकडे पाहिलं.

"काय फरक नाय," तो म्हणाला. "आमी सगल्यांना एसएक्सच देतो. एकाची तक्रार नाय."

मी एसएक्स घेतला.

सगळे भाग पोत्यात गुंडाळून आम्ही परत आलो. तो म्हणाला, रविवारपर्यंत जोडून घरी आणून देतो. मला फार दिवसांनी हलकं वाटलं. चूक असो की बरोबर, मी ठरवलेली ती पहिली मोठी खरेदी होती.

आणि शनिवारी दुपारी दादा दारात उभा.

पुण्याहून आशियाड बसने आला होता. घामाघूम. सोबत हमालाच्या डोक्यावर एक खोका, आणि खोक्यात टॉवर. म्हणजे कॉम्प्युटरची उभी पेटी, पण त्यातही सगळ्यात मोठी, जी मोठ्या ऑफिसांत जमिनीवर ठेवतात. हॉलच्या मधोमध ती ठेवल्यावर आमच्या गॅसच्या सिलिंडरपेक्षा मोठी दिसायला लागली. आत मदरबोर्ड बसवलेला होता, त्यावर डीएक्स प्रोसेसरही होता. बँकेला मशीन पुरवणाऱ्याकडून त्याने हे सगळं स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. मला न विचारता.

बायकोने पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला गेली. मी टॉवरकडे बघत राहिलो. तो कपाट आणि दार यांच्यामध्ये बसत नव्हता, फळीवर मावत नव्हता, फळीखाली ठेवला तर माझे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. मी दादाला जागा दाखवली. आणलेल्या भागांबद्दल सांगितलं. तो ऐकत होता, पण ऐकतानाच मान हलवत होता. म्हणाला, चपट्या पेट्यांत हवा खेळत नाही. म्हणाला, उद्या आणखी काही बसवायचं झालं तर जागा कुठून आणशील. माणसाने पुढचा विचार करावा. मग उठून कपाटाला हात लावला आणि म्हणाला, हेच जरा तिकडे सरकवलं तर?

तिकडे म्हणजे बायको जिथे फळा लावायची तिथे.

"दादा," मी म्हणालो, "इथे बसणार मी आहे. काम माझं, घर माझं. एकदा तरी मला माझं ठरवू दे."

आवाज चढला होता. आमच्या घरात दादाशी कोणी त्या आवाजात बोललेलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. त्याने कपाटावरचा हात काढला. स्वयंपाकघरात पोळीवर लाटणं थांबल्याचं मला ऐकू आलं.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो जेवला, भाजीला चांगली म्हणाला, आणि मुक्काम करणार होता तो न करता संध्याकाळच्याच गाडीने जायला निघाला. मी टॉवर परत न्यायचा विषय काढला. "असू दे," तो म्हणाला, "लागला तर लागला." बसस्टँडवर मी त्याला तिकीट काढून देऊ लागलो तर त्याने माझा हात बाजूला केला. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांची हाक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टॉवर खोक्यासकट माळ्यावर गेला, ड्रॉइंग बोर्डासाठी राखलेल्या जागेशेजारी.

माझं मशीन त्या रविवारी यायचं होतं, ते दोन आठवडे उशिराने आलं. कपाट आणि दारामध्ये चपखल बसलं आणि बोर्ड माळ्यावर गेला. बायकोने त्याला शिवलेलं आच्छादन घातलं. सोबत्याने पेढे आणले होते. आर्किटेक्टने नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या दिल्या होत्या. त्या मी एकेक करून आत घातल्या, आणि शेवटची निघाल्यावर सॉफ्टवेअर सुरू करायला गेलो तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. गणिती को-प्रोसेसर सापडत नाही.

सोबत्याने बंद करून चालू केलं. तीच ओळ. त्याने पेटी उघडली, तारा दाबल्या, आत फुंकर मारली. तीच ओळ. मी दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टकडे गेलो तेव्हा उलगडा झाला. एसएक्स आणि डीएक्समध्ये फरक होता. पत्र टाइप करायला, हिशेब ठेवायला काही फरक नव्हता. पण अपूर्णांकांचं गणित झटपट करणारा भाग डीएक्समध्ये होता आणि एसएक्समध्ये नव्हता. नकाशाचं सॉफ्टवेअर त्या भागाशिवाय सुरूच होत नाही. हे दादाने मला पोह्यांच्या साक्षीने दोन वेळा सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं.

मी चिडलो. सोबत्यावर, जो म्हणाला, "इतर कुनाची तक्रार नाय," कारण इतर कुणी नकाशे काढत नव्हतं. दुकानदारावर, ज्याने एसएक्स परत घ्यायला साफ नकार दिला. आणि सगळ्यात जास्त दादावर, कारण तो बरोबर होता. निदान अर्धा बरोबर होता. त्याचा टॉवर अजूनही माझ्या घरात मावत नव्हता, पण त्या टॉवरच्या आत, माळ्यावर, मला हवा असलेला प्रोसेसर बसलेला होता. त्याचा मदरबोर्ड माझ्या चपट्या पेटीत गेला नसता, तो फार लांबरुंद होता. प्रोसेसर मात्र खोबणीतून उचलून माझ्या मदरबोर्डात घालता येण्यासारखा होता. मदरबोर्डावरच्या दोन बारीक टोप्या इकडच्या तिकडे लावायच्या, की झालं. सोबत्याने शिडी लावली. मी त्याला थांबवलं.

"न विचारता घेतलं तर बरं दिसणार नाही," मी म्हणालो.

"तुमच्यासाठीच आनलंय ना ते?"

"तरी."

बायको वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, "फोन करा. आज ना उद्या करायचाच आहे."

मी बूथवरून एसटीडी लावला. दादाच्या बँकेतल्या माणसाने बराच वेळ ताटकळत ठेवलं, काचेवरच्या मीटरचे आकडे पळत राहिले. मग दादा आला. मी प्रस्तावना न करता सांगून टाकलं, की एसएक्स चालत नाही, तुझा डीएक्स काढून घेतो, पेटी मात्र माझीच राहील.

मग तो म्हणाला, "विचारतोस काय? काढ की." आणि थोड्या वेळाने, "प्रोसेसरच्या पिना वाकवू नका."

पिना वाकल्या नाहीत. मशीन सुरू झालं.

त्यानंतर मी बेलपाड्याच्या रो-हाउसमागे लागलो. शिकवणी चालू असताना काम करता यायचं, हे बायकोला पटलं. मला पटलं नाही, कारण तिचं 'कर्ता, कर्म, क्रियापद' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. पण काम होत होतं. जिना हलवायचा म्हणजे आता शाई खरवडायची नव्हती. नकाशे पूर्ण झाले त्या आठवड्यात दादाने कळवलं की शुक्रवारी येतो, दोन दिवस राहीन. आला तेव्हा हातात फक्त पिशवी होती. मशीनसमोर उभा राहिला, पेटीवर बोट फिरवलं, म्हणाला, "बसलंय."

शनिवारी दुपारी चारला बिल्डर आर्किटेक्टकडे येणार होता, आणि नकाशे पडद्यावर बघूनच सगळ्या योजनेचं काम द्यायचं की नाही ते ठरवणार होता. मी सकाळीच फ्लॉपी घेऊन गेलो. आर्किटेक्टच्या मशीनमध्ये घातली. घरघर झाली आणि फ्लॉपी वाचता येत नाही असं उत्तर आलं. पुन्हा घातली. तेच. दुसरी फ्लॉपी नेली होती, तिचंही तेच. आर्किटेक्ट ड्राइव्हवर टिचक्या मारू लागला. त्याच्या ड्राइव्हमध्ये धूळ होती की आणखी काही, ते शोधायला वेळ नव्हता. मी घरी येऊन फ्लॉपी माझ्या मशीनमध्ये घातली. ती निमूटपणे उघडली. तेव्हा मला खरंच ते मशीन उचलून गॅलरीतून खाली टाकावंसं वाटलं.

दादा वर्तमानपत्र वाचत होता. मी काय झालं ते सांगितलं, बहुतेक ओरडूनच. त्याने चष्मा काढला.

"मग यंत्रच नेऊ या," तो म्हणाला. "तुझी पेटी हातात धरण्याजोगी आहे. टॉवर असता तर नसतं जमलं."

तो हे अगदी सरळ बोलला. मी मशीनच्या मागच्या तारा काढायला लागलो. बायको शाळेतून नुकतीच आली होती. तिने मॉनिटरला गोधडी गुंडाळली, की-बोर्ड टॉवेलात बांधला, आणि तारांचा गुंता भाजीच्या पिशवीत भरला. रिक्षावाल्याने आम्हाला बघून जादा भाडं मागितलं. दादाने घासाघीस केली नाही, हीच मोठी गोष्ट. माझ्या मांडीवर पेटी, त्याच्या मांडीवर मॉनिटर, गोधडीसकट. तो मॉनिटर दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याआधी रिक्षावाल्याला खड्डा आल्याचं सांगत होता. रेल्वेच्या रुळांपलीकडे गर्दीत अडकलो तेव्हा दादाचे हात भरून आले होते. मी म्हटलं, जरा माझ्याकडे दे. तो नको म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता.

आर्किटेक्टच्या टेबलावरच्या फायली बाजूला करून आम्ही मशीन मांडलं. मी तारा जोडल्या. बिल्डर चारला आला नाही, पाचच्या पुढे आला. मी त्याला एकेक घर उघडून दाखवलं. त्याने सगळं पाहिलं, पान चघळत विचार केला आणि म्हणाला, जिना मागच्या बाजूला घेतला तर? मी तिथेच त्याच्यासमोर जिना मागे घेतला. तो खुर्ची ओढून जवळ बसला. म्हणाला, आता स्वयंपाकघर उलटं करून दाखवा. आर्किटेक्ट भिंतीला टेकून हसत होता. काम मिळालं. सगळी योजना मिळाली. फक्त बिल्डरला आता जिना हलवायची चटक लागली, आणि ती मीच लावली होती.

तसंच सगळं गोधडीत बांधून परत आलो. मशीन पुन्हा जागेवर लावलं. बायकोने चहा ठेवला. मी फार खुशीत होतो. दादाला म्हटलं, बस की, तुझाच प्रोसेसर आहे, बघ कसा चालतो.

तो जरा आढेवेढे घेऊन बसला. चष्मा लावला. पडद्यावर रो-हाउसचा नकाशा होता. मी म्हटलं, माउस घे, जिन्यावर ने. त्याने माउस घेतला, म्हणजे उचलला. टेबलावरून वर, हातात, आणि पडद्यावरच्या जिन्याकडे धरला, टीव्हीच्या रिमोटसारखा. काही झालं नाही. त्याने तो पडद्याच्या आणखी जवळ नेला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. विभागीय कार्यालय. कॉम्प्युटर खातं. इतक्या रविवारचे फोन.

त्यालाही कळलं. त्याने माउस हळूच खाली ठेवला.

"माझ्याकडे खरेदी असते," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "कोटेशनं येतात, मी वाचतो, तुलना करतो, मागवतो. शेकडो मशीन मागवली असतील. बसलो नाही एकावरही."

"शिकवायला कोणी नाही?"

"आहेत ना. सगळे माझ्या हाताखालचे. त्यांच्यासमोर कसं बसू?"

रागवावं तर रागवण्यासारखं बरंच होतं. या माणसाने महिनोन्‌महिने मला एकेका भागावर व्याख्यानं दिली होती. पण त्याची सगळी माहिती खरी होती, हेही होतं. डीएक्स त्यालाच कळला होता, मला नाही. माझ्या तोंडून काहीतरी वाकडं निघणार तेवढ्यात, माझं बघून बघून माउस शिकलेली बायको पदराला हात पुसत आली आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसली.

"दादा, उचलायचा नाही," ती शिकवणीच्या आवाजात म्हणाली. "सरकवायचा. हात टेबलावर टेकवा. मनगट सैल सोडा. हं. आता बघा बाण हलतो."

बाण हलला. दादाने आज्ञाधारकपणे मनगट सैल सोडलं होतं. ती म्हणाली, चुकलं तर काही मोडत नाही. त्याने मान डोलावली. पहिली रेघ काढली ती वाकडी गेली, दुसरी आणखी वाकडी. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

जेवायची वेळ झाली तरी तो उठला नाही. मला सोमवारपर्यंत बिल्डरचे बदल पूर्ण करायचे होते. रविवारी सकाळी मी अंघोळ करून आलो तो दादा फळीशी बसलेला. मी घसा खाकरला. तो म्हणाला, थांब, हा चौकोन जुळवतोय. मी थांबलो. दुपारीही थांबलो. शेवटी जमिनीवर कागद पसरून मागच्या जिन्याच्या पायऱ्या पेन्सिलने आखत बसलो. दादाच्या हातून दोनदा नकाशा पुसला गेला आणि दोनदा मला तो परत आणावा लागला. बायकोने माझ्याकडे बघून, काही बोलू नका, अशी खूण केली.

पुढे तो सुट्टी साधून येत राहिला, टाइपिंग शिकला, फायली उघडायला-ठेवायला शिकला. बँकेत त्याच्या टेबलावर मशीन आलं हे त्याने नाही, वहिनीने सांगितलं. साहेब आता स्वतःच पत्रं टाइप करतात, असं त्याच्या शिपायाने तिला सांगितलं होतं. बेलपाड्याची घरं उभी राहिली. जिना शेवटी पहिल्या नकाशात होता तिथेच आला.